सगळ्यांना एकच लॅपटॉप, की ज्याचा त्याचा?

प्रॅक्टिकलची बॅच वीस जणांची, वेळ दोन तास. एका वर्षी लॅबची मशीन बंद पडली म्हणून पहिल्या वर्षाच्या पोरांना ‘आपापला लॅपटॉप आणा’ म्हटलं. एकाचं विंडोज एस मोडमध्ये, म्हणजे फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलीच ॲप घेणाऱ्या प्रकारात होतं; स्टोअरबाहेरचं काही चढेचना. एकीने हौसेने यूजरनेम देवनागरीत ठेवलेलं, त्यामुळे सी कंपायलर तिच्याच फोल्डरला ओळख देईना. दोघांकडे मॅक. एकाकडे ताईचा जुना, चार जीबी रॅमचा. पाऊण तास गेला, फळ्यावर अजून ‘हॅलो वर्ल्ड’ हा पहिला प्रोग्रामच.

कॉलेजने सगळ्यांना एकच मॉडेल द्यावं, ही मागणी येते ती अशा पाऊण तासांतून. पुण्यातल्या दोन-तीन कॉलेजांत लॅब सांभाळल्यावर मी या मागणीच्या निम्मा बाजूने आहे. निम्माच का, ते सांगतो.

समितीत पहिली चर्चा भावाची होते. पाचशे मशीनची ऑर्डर म्हटल्यावर विक्रेता भाव पाडतो, हे खरं. पण लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे, आणि शिक्षणसेवा करमुक्त असल्यामुळे कॉलेजला त्याचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. भावातून जे वाचतं त्यापेक्षा दुरुस्तीतून जास्त वाचतं. एकच मॉडेल असलं की लॅब असिस्टंटने एकदा तयार केलेली इमेज (विंडोज आणि सगळ्या सॉफ्टवेअरची तयार नक्कल) सगळीकडे चालते, दहा मशीन कपाटात जादा ठेवली की बिघडलेल्याच्या बदल्यात दहा मिनिटांत दुसरं हातात देता येतं. ज्याचा त्याचा लॅपटॉप असेल तर ‘सर, माझा चालत नाही’ याचं उत्तर दरवेळी नवीन शोधावं लागतं.

याची दुसरी बाजू मी सोसली आहे. एका तुकडीची सगळी मशीन एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची. दुसऱ्या वर्षी बिजागऱ्या तुटू लागल्या, त्यापण ओळीने. वेगवेगळी मशीन असती तर चार-पाच बिघडली असती. इथे सबमिशनच्या आठवड्यात टेबलावर रांग.

वॉरंटीचं गणित आधी मांडा. साधारण तीन वर्षांपर्यंत ती वाढवून मिळते आणि बीई चार वर्षांचं. म्हणजे प्रोजेक्टचं वर्ष उघडं पडतं. बिझनेस मालिकेतल्या मॉडेलांना चौथं वर्षही विकत घेता येतं, ते कोटेशनमध्येच मागा. मुलाने मशीन घेऊन सर्व्हिस सेंटर गाठायचं, की माणूस कॉलेजात येणार, हेही लेखी घ्या. पावसाळ्यात पीएमपी बसच्या गर्दीतून भिजलेली सॅक आत येते ते बघितलं की पाणी सांडल्याचं, पडल्याचं संरक्षण वेगळं का घ्यावं ते कळतं.

फीचा मुद्दा सगळ्यात नाजूक. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या, वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी घरांतल्या मुलींचं शिक्षण व परीक्षा शुल्क शासन भरतं. लॅपटॉपची रक्कम त्यात बसत नाही. ‘इतर शुल्क’ म्हणून ती लावली, तर फी माफ म्हणून प्रवेश घेतलेल्या मुलीच्या वडिलांना पहिल्याच दिवशी चाळीस-पन्नास हजारांचा आकडा दिसेल. घरी चालू लॅपटॉप असलेल्यालाही तो पुन्हा भरायला लावणं मला पटत नाही.

मिनेसोटा विद्यापीठाच्या क्रुकस्टन कॅम्पसने १९९३ सालीच पूर्णवेळ विद्यार्थ्यांना लॅपटॉप दिले. तेव्हा कॉलेजने दिला नाही तर विद्यार्थ्याकडे तो येण्याची शक्यता कमीच होती. आज तसं नाही; प्रश्न आहे तो कोणता आणि किती जुना याचा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर लागतात. ताईचा लॅपटॉप इथेच बाद होतो.

शाखेचा फरक तर सरळच. मेकॅनिकलची सॉलिडवर्क्स आणि कॅटिया ही डिझाइनची सॉफ्टवेअर मॅकवर चालत नाहीत, शिवाय बरं ग्राफिक्स कार्ड मागतात. बीकॉमला ब्राउझर आणि एक्सेल पुरतं. एकच मॉडेल अख्ख्या कॉलेजला घ्याल तर मेकॅनिकलवाला रडेल, नाहीतर बीकॉमवाला नको ते वजन पाठीवर वाहील.

आणि वायरिंग! साठ मुलांचा वर्ग, प्रत्येकी ६५ वॅटचा चार्जर: ३,९०० वॅट, म्हणजे जवळजवळ १७ अँपिअर. आपले बरेच वर्ग पंखे आणि ट्यूबलाइटच्या हिशोबाने बांधलेत. वाय-फायचंही तेच. मायक्रोसॉफ्टचे अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात, आपल्याकडे ती रात्र असते. बुधवारी सकाळी सगळी मशीन एकदम ओढायला लागली की पहिलं लेक्चर गेलंच. लॅपटॉप घेण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

मी ठरवणारा असतो तर प्राध्यापकांना एकच मॉडेल, कॉलेजच्या मालकीचं, ताबडतोब दिलं असतं. संख्या कमी, शिकवणं एकसारखं होतं, आणि प्रश्नपत्रिका घरच्या सामाईक कॉम्प्युटरवर पडून राहत नाहीत. विद्यार्थ्यांसाठी शाखेनुसार किमान निकष लिहून काढले असते: १६ जीबी रॅम, एसएसडी, विंडोज ११. त्यात बसणारं एक मॉडेल कॉलेजच्या भावात मिळेल, घ्यायचं तर घ्या. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी पंचवीस मशीन ग्रंथालयात, पुस्तकासारखी कार्डावर, सेमिस्टरभर. एस मोड काढणं आणि यूजरनेम इंग्रजीत करणं यासाठी प्रवेशाच्या आठवड्यात एक दिवस लॅब उघडी.

मात्र मेकॅनिकल, आर्किटेक्चरसारख्या शाखेत सरसकट एकच मॉडेल घ्यायचं ठरलंच, तर बाकीचं विसरलात तरी चालेल, पण नंबराची स्टिकरं लॅपटॉपवर लावाल तशी चार्जरवरही लावा. होस्टेलवर एका रात्रीत साठ सारखे चार्जर मिसळतात.