सांगलीतलं जुन्या पुस्तकांचं दुकान : जुनं बालसाहित्य हवं तर ‘क्रमिक’चा गठ्ठा उघडायला सांगा

गावभागात ‘जुनी पुस्तके घेतली व विकली जातील’ एवढीच पाटी लावलेलं हे दुकान आहे. त्याचा धंदा चालतो तो स्पर्धा परीक्षांची गाइडं, डिप्लोमाची पुस्तकं आणि रद्दीतून आलेले दिवाळी अंक यांवर. पण माळ्यावर आणि मागच्या खोलीत स्वातंत्र्याच्या आधीचा माल आहे, आणि जुन्या काळी मुलांच्या हातात काय दिलं जायचं हे ज्याला पाहायचंय त्याने सांगलीत पहिल्यांदा इथेच यावं. माल उत्तम. मांडणी मात्र दिशाभूल करणारी, आणि बाइंडिंग इथे अजिबात करून घेऊ नये.

मांडणीचं आधी. दर्शनी फळीवर ‘बालसाहित्य’ अशी चिठ्ठी आहे. तिथे गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतल्या परीकथा, रंगीत चित्रांची पातळ पुस्तकं आणि खेळणं फुकट मिळणारे अंक मिळतील. (खेळणं देऊन पुस्तक खपवायची युक्ती नवी नाही. लंडनचा प्रकाशक जॉन न्यूबेरी याने 1744 मध्ये मुलांचं एक छोटं पुस्तक सहा पेन्सला काढलं. दोन पेन्स जादा दिले की मुलाला चेंडू आणि मुलीला टाचण्यांची उशी. दोन्ही एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने काळी. चांगलं वागलं की लाल बाजूला टाचणी, वाईट वागलं की काळ्या.) जुनं काही हवं असेल तर या फळीपाशी वेळ घालवू नका. ‘क्रमिक व किरकोळ’ लिहिलेले सुतळीने बांधलेले गठ्ठे मागा.

कारण साधं आहे. मराठीत मुलांसाठी छापलेलं पुस्तक आलं ते शाळेच्या दारातून. त्याआधीचा एक सन्मान्य अपवाद तंजावरचा: तिथले मराठे राजे सरफोजी यांच्या छापखान्यात 1806 मध्ये इसापच्या गोष्टींचं ‘बालबोध मुक्तावलि’ निघालं. त्याच्या आदल्याच वर्षी आपल्या मिरजेत तांब्याच्या पत्र्यांवरून गीता छापली गेली होती, हे इथल्या लोकांनी लक्षात ठेवायला हरकत नाही. पण सलग परंपरा सुरू होते ती मुंबईत 1822 नंतर, शाळांसाठी पुस्तकं करून घेणारी मंडळी उभी राहिली तेव्हा. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची इसापनीती आणि ‘बाळमित्र’ ही दोन्ही 1828 ची. तेव्हा ‘वाचनाचा आनंद घेणारं मूल’ ही कल्पनाच गिऱ्हाईक म्हणून उभी नव्हती; होता तो विद्यार्थी. दुकानदाराने ‘क्रमिक’मध्ये टाकलेला माल नकळत बरोबर जागी पडलाय.

1828 ची प्रत इथे मिळेल अशी आशा धरू नका. गठ्ठ्यांत असतात त्या एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून 1930 पर्यंतच्या शाळेतल्या आवृत्त्या, बऱ्याचशा मुखपृष्ठ गेलेल्या. तरी त्या बोलतात. इसापनीतीची कुठलीही शालेय प्रत घ्या आणि ‘तात्पर्य’ कसं छापलंय ते पाहा: वेगळ्या ओळीत, बहुतेक वेळा गोष्टीपेक्षा ठळक टाइपात. गोष्ट म्हणजे तात्पर्यापर्यंत नेणारा रस्ता. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने 1693 मध्ये मुलांना इसाप द्या, शक्यतो चित्रांसह द्या, असं सुचवलं होतं. फ्रेंच विचारवंत रूसोने 1762 मध्ये नेमकं उलट बजावलं: कावळा आणि कोल्ह्याची गोष्ट ऐकून मूल कावळ्यापासून धडा घेत नाही, त्याला कोल्हाच आवडतो. आपल्या पाठ्यपुस्तकांनी लॉकची बाजू धरली आणि मुलाने भलतीकडे पाहू नये म्हणून शेवटी तात्पर्याची खुंटी ठोकली.

‘बाळमित्र’ची नंतरची एखादी आवृत्ती मिळाली तर भाव न करता घ्या. मूळ लेखक फ्रान्सचा बेर्कँ. त्याचं मुलांसाठीचं नियतकालिक 1782 च्या सुमाराचं, आणि ते मराठीत आलं इंग्रजीच्या वाटेने. यात बोलणारे प्राणी नाहीत, साधी घरातली मुलं आहेत. चुकतात, आईबापांशी बोलतात, समजून घेतात. मूल जन्मतः पापी असतं असं मानून त्याला मरणाची भीती घालणारी इंग्लंडमधली सतराव्या शतकातली पुस्तकं आणि हे पुस्तक यांच्यात बालपणाची सगळी कल्पना बदलली आहे: मूल मुळात चांगलं, फक्त वळण लावायचं. ‘वळण’ हा आपल्याकडचा आग्रह मात्र पुढे शंभर वर्षं हलला नाही.

मासिकांचे खंड वरच्या माळ्यावर आहेत, शिडी मागावी लागते. विनायक कोंडदेव ओकांचं ‘बालबोध’ 1881 पासूनचं. चरित्र, कविता, निबंध, शास्त्राची माहिती असा त्याचा ऐवज, आणि सगळं मुख्यतः ओकांच्याच हातचं. मूल इथे शाळेबाहेरही वाचू लागलं, पण वाचायचं ते शहाणं होण्यासाठीच. वा. गो. आपट्यांच्या 1906 च्या ‘आनंद’ची सुटी पानं त्याच्याशेजारी ठेवली की फरक डोळ्यांनी दिसतो: चित्रं वाढली, गंमत वाढली. सुटे अंक असतील तर मागची जाहिरातीची पानं आहेत का ते तपासा. बांधणीत ती बहुतेक वेळा फाडून टाकलेली असतात, आणि मुलांसाठी पैसे कोण मोजत होतं हे त्याच पानांवर कळतं.

प्रत पारखताना या गोष्टी बघा. मुखपृष्ठ नसेल तर प्रस्तावनेखालची तारीख शोधा. ती शालिवाहन शकातली असेल तर इसवी सन काढायला चैत्र ते डिसेंबरसाठी 78 मिळवा, जानेवारी ते फाल्गुनासाठी 79. काही पानांच्या तळाशी फर्म्याचा, म्हणजे एका छापील कागदाला घड्या घालून झालेल्या पानांच्या जुडीचा, आकडा असतो. सोळापेजीत तो दर सोळा पृष्ठांनी एकने वाढला पाहिजे. एखादा आकडा गळला की मधला फर्मा गायब. पृष्ठक्रमांकांवर विसंबू नका, ते सगळ्यात आधी खाल्ले जातात. शिळाछाप (दगडावरून काढलेली छपाई) आणि टाइपाची छपाई ओळखायला पानाच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवा: टाइपाचा दाब लागतो, शिळाछाप सपाट असतं आणि त्यात एकच अक्षर दर वेळी किंचित वेगळं येतं.

आता सांगलीची खास अडचण. 2019 च्या पुरात कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं आणि त्या वेळची बरीच पुस्तकं वाळवून अजून बाजारात फिरताहेत. मुखपृष्ठ बदललेलं असलं तरी पुस्तक मिटून कडेने उजेडात धरा. तपकिरी आडवी रेघ सगळ्या पानांवर एकाच उंचीला दिसली की ते पाण्यात होतं. शिवणीपाशी बोट घातलं तर बारीक गाळ हाताला लागतो. साध्या कागदाचं पुस्तक यातून निभावतं. गुळगुळीत कागदावरची चित्रं मात्र एकमेकांना चिकटून वीट होते, कारण त्या कागदाला गुळगुळीतपणासाठी दिलेला पांढऱ्या मातीचा थर ओला झाला की डिंकासारखा धरतो. अशी पानं ओढून सोडवायला जाऊ नका, चित्र अर्धं इकडे अर्धं तिकडे राहतं. अशा पुस्तकाला निम्म्याहून जास्त किंमत देऊ नये. दुकानदार घासाघीस करतो, पण पुराचं नाव काढलं की गप्प उतरतो.

घरी आणल्यावर ऊन दाखवू नका. पंख्याखाली सावलीत उभं करून, पानं विरळ करून दोन-तीन दिवस ठेवा. कसर असेल तर पुस्तक पूर्ण कोरडं झाल्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, नाहीतर गार कागदावर दव धरतं. डांबराच्या गोळ्यांनी वास येतो, अंडी मरत नाहीत.

दुकानात जुन्या पुस्तकांच्या स्कॅनवरून काढलेल्या स्पायरल प्रतीही मिळतात. अभ्यासाला त्या चालतात, पण घेण्याआधी घडीची चित्रं आणि कडेचा मजकूर आलाय का बघा. स्कॅन करणारा घडी उघडत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं उलटली असली तर अशी प्रत काढायला आडकाठी नाही. ओक 1914 मध्ये गेले, आपटे 1930 मध्ये, त्यामुळे त्यांचं लेखन मोकळं आहे. नंतरच्या संपादकांच्या टीपा आणि चित्रं यांचा हिशेब वेगळा लागतो, हे दुकानदाराच्या गावीही नाही.

बाइंडिंगचं शेवटी, कारण नुकसान तिथेच होतं. इथला कारागीर खळीत मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, घालतो. किडीला ते आवरतं खरं, पण तांब्यामुळे कागद काही वर्षांत तपकिरी होऊन तुटायला लागतो. त्याहून वाईट म्हणजे तिन्ही बाजूंनी कटिंग. शाळेच्या पुस्तकात समास हाच सगळ्यात मोलाचा भाग: ‘हे पुस्तक जो चोरील’ असली धमकी, पाठ झालेल्या कवितेपुढची फुली, मास्तरांनी शिसपेनने टाकलेली तारीख, गाळायच्या ओळीवरची रेघ. छापलेला मजकूर सांगतो मूल कसं असावं; ते खरोखर कसं होतं याचा पुरावा कडेलाच असतो, आणि कटिंगच्या सुरीखाली तो पाव इंच आधी जातो. दुकानदार ‘फुकटात बांधून देतो’ म्हणाला तरी नको म्हणा. पातळ पुठ्ठ्याच्या दोन फळ्यांत ठेवून नाडीने बांधलं तरी पुरतं.

शनिवारी गर्दी कमी असते आणि माळ्यावर चढू देतात. सुट्टे पैसे न्या.