सोसायटीचा एसटीपी: एसबीआर की एमबीबीआर?

एसटीपी म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प; एसबीआर आणि एमबीबीआर या त्याच्या दोन पद्धती. सांडपाण्यातला अमोनिया घालवणं आणि नायट्रोजन घालवणं या दोन वेगळ्या गोष्टी. कोटेशन वाचताना नेमकी इथेच गल्लत होते.

एमबीबीआरच्या टाकीत प्लॅस्टिकची छोटी चाकं फिरत असतात. एक हातात घेऊन पाहा, आतल्या खाचांत तपकिरी, बुळबुळीत थर दिसेल. अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू फार सावकाश वाढतात. इथे चिकटून बसल्यामुळे ते वाहून जात नाहीत. जागा कमी लागते, ऑपरेटरला फार डोकं लावावं लागत नाही. पण सोसायट्यांत बहुधा बसवतात त्या टाकीत हवा चोवीस तास, म्हणून नायट्रेट, आणि त्यातला नायट्रोजन, तसाच बाहेर. ते काढायचं तर बिनहवेची वेगळी टाकी आणि पाणी मागे फिरवणारा पंप हवा.

एसबीआरमध्ये भरणं, हवा देणं, निवळणं, उपसणं, सगळं पाळीपाळीने एकाच टाकीत. भरताना हवा बंद ठेवली की जिवाणू ताज्या मैल्यावर जगत मागच्या फेरीतल्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात. अमोनियातल्या 1 ग्रॅम नायट्रोजनचं नायट्रेट करायला 4.57 ग्रॅम ऑक्सिजन लागतो; त्यातला 2.86 ग्रॅम, निदान हिशेबाने, असा परत वसूल होतो. हवा देणाऱ्या ब्लोअरच्या वीजबिलात ते जाणवतं. मात्र कोणी टायमरशी खेळलं, तर निवळतानाच बुडबुडे सुटतात आणि बसलेला गाळ गोळ्यागोळ्यांनी वर येतो.

पाणी फ्लशला आणि बागेलाच जाणार असेल तर एमबीबीआर पुरे. झाडांना नायट्रेट खतच. तळ्यात सोडायचं असेल तर मी एसबीआर घेईन, पण रात्रपाळीचा माणूस जाणता असेल तरच.