एसीची गरम हवा आणि अर्थची तुटलेली तार : दारव्ह्यातील एका ऑटो इलेक्ट्रिक दुकानाचा अनुभव

मे महिन्यात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पारा 45 अंशांच्या आसपास असताना, वडिलांना दर आठवड्याला दवाखान्यात नेणाऱ्या आमच्या गाडीचा एसी गरम हवा फेकू लागला. शहरातील एका वर्कशॉपने दोनदा गॅस भरला, दोनदा पैसे घेतले आणि शेवटी डॅशबोर्ड उघडून आतील संपूर्ण युनिट बदलावे लागेल, असे सांगितले. दारव्ह्यातील एका छोट्या दुकानात हाच दोष दीड तासात सापडला, आणि तो ज्या पद्धतीने शोधला गेला, त्यासाठी हे लिहीत आहे.

मिस्त्रींनी आधी बॉनेट उघडून एसीच्या जाड पाइपला हात लावला. पाइप थंडगार होता, त्यावर पाण्याचे थेंब जमले होते; म्हणजे गॅस आणि कॉम्प्रेसर यांचा प्रश्न नव्हता. मग तापमानाचे बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत त्यांनी डॅशबोर्डखाली कान लावला. थंड आणि गरम हवेचे प्रमाण ठरवणारा दरवाजा तेथे एक छोटी मोटर हलवते. तिला ॲक्च्युएटर म्हणतात. तिचे प्लॅस्टिकचे गिअर तुटले की बहुधा टिकटिक ऐकू येते. येथे कसलाच आवाज नव्हता.

आमच्या गाडीत या ॲक्च्युएटरला पाच तारा आहेत : दोन मोटरच्या आणि तीन दरवाजाची जागा कळवणाऱ्या सेन्सरच्या. या तिनांपैकी एकीवर 5 व्होल्ट येतात, एक अर्थची, म्हणजे करंट परत नेणारी असते आणि सिग्नलच्या तारेवरील व्होल्टेज दरवाजासोबत कमी-जास्त होते. मिस्त्रींनी कपलर, म्हणजे तारांचा प्लग न काढता, मागून बारीक पिन सरकवून एकेक तार मीटरने तपासली. पहिलीवर 5, सिग्नलवर 5, आणि जिथे जवळपास शून्य यायला हवे त्या अर्थच्या तारेवरही 5. अर्थ तुटली की सेन्सरमधून करंट वाहत नाही, त्यामुळे व्होल्टेज कुठेच उतरत नाही. कपलर काढून मोजले असते, तर तुटलेल्या तारेवरही शून्यच दिसले असते आणि ती चांगली वाटली असती. शहरात नेमके हेच झाले असावे, असे मला वाटते.

"मोटर चांगली हाये काका, दरवाजा कुठं हाये हेच गाडीले समजून नाही राह्यलं," असे म्हणत त्यांनी तात्पुरती अर्थ जोडली. सिग्नलचा आकडा उतरला, मोटर फिरली आणि थंड हवा आली.

तार ग्लोव्ह बॉक्सच्या मागे उंदरांनी कुरतडली होती. आमच्याकडे वेचणीनंतर कापूस घरातच साठवलेला असतो आणि गाडी त्याच पडवीत उभी असते, हे ऐकल्यावर त्यांनी शेजारच्या ताराही तपासल्या. जोड नुसता पिळून टेप न गुंडाळता सोल्डर करून त्यावर स्लीव्ह चढवली, आणि दरवाजाची दोन्ही टोके गाडीला पुन्हा ओळखता यावीत म्हणून गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या स्कॅनरवर कॅलिब्रेशन केले. एकूण 800 रुपये घेतले.

उणिवाही आहेत. बसायला सावली नाही, छापील बिल मिळत नाही आणि त्यांचा स्कॅनर सगळ्या गाड्यांना चालत नाही. मिस्त्री एकटेच काम करतात, त्यामुळे आधी फोन करून सकाळी लवकर जावे. दुपारी तापलेल्या गाडीत डॅशबोर्डखाली हात घालणे त्यांनाही कठीण जाते.