नवतपातला गेमिंग पीसी: टॉवर कूलर घ्यावा की लिक्विड?

नवतपात, म्हणजे मे अखेरीच्या नऊ तापत्या दिवसांत, खोलीतच ४० अंश असतील, तर प्रोसेसरवर कुठलाही कूलर लावा, त्याचं तापमान ४० च्या खाली येणार नाही. टॉवर असो की लिक्विड, दोघंही उष्णता शेवटी खोलीतल्याच हवेत सोडतात. टिनाखाली बसून खेळणाऱ्यांनी पैसे काढण्याआधी हे ध्यानात घ्यावं.

टॉवर म्हणजे तांब्याच्या नळ्या, ॲल्युमिनियमच्या पात्या आणि १२० मिमीचा पंखा. बिघडला तर पंखाच बिघडतो. क्लिपा काढल्या, नवा बसवला, झालं. लिक्विडमध्ये पंप द्रव फिरवून प्रोसेसरची उष्णता पंखे लावलेल्या जाळीदार रेडिएटरपर्यंत नेतो. तो पंप गेला की प्रोसेसर लगेच तापतो आणि पीसी बंद पडतो. पंप सहसा दुरुस्त होत नाही, अख्खा कूलर बदलावा लागतो. गावात तो येईस्तोवर बसून राहा. रायझन ५ ५६०० सारख्या ६५ वॉटच्या प्रोसेसरला टॉवर भरपूर झाला. आय९-१४९००के सारखा २५३ वॉटपर्यंत जाणारा प्रोसेसर असेल, तर मात्र मोठ्या रेडिएटरचं लिक्विडच घ्या.

शिवाय गेम खेळताना सगळ्यात जास्त तापतं ते ग्राफिक्स कार्ड. एकटं आरटीएक्स ३०६० च १७० वॉट खातं, आणि प्रोसेसरवरचं लिक्विड त्याला हातही लावत नाही. मॉनिटर ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवणारा असेल, तर गेमच्या फ्रेमही ६० वर बांधा, आफ्टरबर्नर या ग्राफिक्स कार्डच्या सॉफ्टवेअरमध्ये कार्डची पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणा. फुकटात उष्णताही उतरते, आवाजही.

आवाजाचं गणित आपल्याकडे ऋतूप्रमाणे बदलतं. मे महिन्यात डेझर्ट कूलरच्या घरघरीत पीसीचे पंखे ऐकूच येत नाहीत, तेव्हा ते खुशाल जोरात फिरवा. खरी अडचण हिवाळ्यात. आमच्याकडे रात्री शेतात लाईन (वीज) आली की बाबा ओलिताला जातात. त्याआधी त्यांना याच खोलीत दोन तास झोप मिळायला हवी. एकसुरी आवाजाने ते उठत नाहीत, पंखा वरखाली झाला की उठतात. म्हणून बायोसमध्ये, म्हणजे पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये, दोन वेगळे फॅन कर्व्ह ठेवलेत. किती तापलं की पंखा किती फिरावा, ते कर्व्ह ठरवतो. हिवाळ्याच्या कर्व्हमध्ये ७० अंशांपर्यंत पंखा एकाच संथ गतीवर राहतो. लिक्विडच्या पंपाची बारीक गुणगुण मात्र अशा शांततेत कायम कानावर येते.

आणि कापूस! भाव येईस्तोवर तो घरातच असतो. एका फेब्रुवारीत पीसीची समोरची जाळी काढली, तर तंतूंचा पांढरा थर सलग चादरीसारखा हातात आला. आत टॉवरच्या पात्यांतही तेच. टॉवरवरचे तंतू ब्रशने निघतात. रेडिएटरच्या पात्या जास्त दाट असतात, तिथे अडकलेलं काढायला ब्लोअरच लागतो. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भन्नाट फिरून खराब होतो. डेझर्ट कूलरचा झोत थेट पीसीवर घेऊ नका. ओलाव्याने हेच तंतू पात्यांना चिकटून बसतात.

माझं मत टॉवरला. लिक्विडवरचे जे पैसे वाचतील, त्यात समोर १४० मिमीचे दोन पंखे आणि धुता येणारी जाळी बसवा. कापूस घरात असेपर्यंत ती जाळी दर आठवड्याला धुवा आणि पुरती वाळल्यावरच परत लावा.