झेटासायझर नॅनो झेडएस: द्रवातील नॅनोकण मोजणाऱ्या उपकरणाचे परीक्षण

लायपोसोम, प्रथिने, सोन्याचे नॅनोकण किंवा पॉलिमरचे सूक्ष्म गोळे यांवर काम करणाऱ्या बहुतेकांचा माल्व्हर्न कंपनीच्या झेटासायझर नॅनो झेडएस या उपकरणाशी कधी ना कधी संबंध येतो. या मालिकेची जागा आता नव्या मालिकेने घेतली असली, तरी अनेक विद्यापीठांत आणि औषधनिर्माण प्रयोगशाळांत जुनेच यंत्र रोज चालू असते. माझ्या मते ते अत्यंत विश्वासार्ह आहे. मात्र त्याने दिलेला व्यास हा थेट मोजलेला आकडा नसून गणिताने काढलेला निष्कर्ष आहे, हे ठाऊक असणाऱ्याच्या हातीच ती विश्वासार्हता टिकते.

पाण्यातले कण पाण्याच्या रेणूंच्या धडकांमुळे सतत अस्थिर हालचाल करत असतात. त्यांच्यावर लेसर सोडला, की विखुरलेल्या प्रकाशाची तीव्रता क्षणोक्षणी कमीजास्त होते. कण लहान असेल तर हे चढउतार जलद, मोठा असेल तर संथ. यंत्र मोजते ते एवढेच: आत्ताची तीव्रता आणि काही मायक्रोसेकंदांनंतरची तीव्रता यांचे साम्य किती वेगाने ओसरते. त्या कोरिलेशन वक्रावरून कणाचा विसरण गुणांक, म्हणजे तो द्रवात किती वेगाने पसरतो याचे माप, निघतो आणि स्टोक्स-आइनस्टाइन समीकरणातून व्यास मिळतो. पाण्यात २५ अंश सेल्सिअसला १०० नॅनोमीटर व्यासाच्या कणाचा विसरण गुणांक सेकंदाला सुमारे ४.९ चौरस मायक्रोमीटर असतो आणि त्याचा वक्र मिलिसेकंदाच्या अंशातच खाली येतो.

या यंत्राची खरी करामत १७३ अंशांच्या कोनात आहे. ६३३ नॅनोमीटरचा लाल हीलियम-निऑन लेसर क्युव्हेटमध्ये, म्हणजे नमुना ठेवण्याच्या छोट्या पारदर्शक कुपीत, शिरतो आणि डिटेक्टर जवळजवळ त्याच बाजूला परतणारा प्रकाश टिपतो. नमुना दाट असेल, तर मोजणीची जागा आपोआप क्युव्हेटच्या भिंतीजवळ सरकते, त्यामुळे प्रकाशाला थोडेच अंतर कापावे लागते आणि एकच प्रकाशकण पुनःपुन्हा विखुरला जाऊन व्यास खोटा लहान दिसण्याचा धोका बराच घटतो. शिवाय धुळीचे मोठे कण प्रकाश मुख्यतः पुढच्या दिशेने फेकतात, म्हणून मागून पाहणाऱ्या डिटेक्टरला त्यांचा उपद्रव कमी होतो. ९० अंशांच्या जुन्या यंत्रांसाठी नमुना किती विरळ आणि किती निर्मळ करावा लागे, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना या सोयीचे मोल सांगायला नको.

तरीही धूळ पूर्णपणे माफ होत नाही, आणि इथेच वापरणाऱ्याची कसोटी लागते. तरंगलांबीच्या मानाने लहान कणांबाबत विखुरलेल्या प्रकाशाची तीव्रता व्यासाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात वाढते, म्हणजे १०० नॅनोमीटरचा एक कण १० नॅनोमीटरच्या दहा लाख कणांइतका प्रकाश फेकतो. गाळायचे राहून गेलेले बफर (आम्लता स्थिर राखणारे द्रावण) किंवा प्रथिनांचे मूठभर गोळे तीव्रतेच्या आलेखावर मोठे शिखर उभे करतात, आणि मग सॉफ्टवेअरमधील संख्येनुसार वितरणाचे बटण दाबून ते शिखर नाहीसे करण्याचा मोह होतो. तो आवरलाच पाहिजे, कारण संख्येचा आलेख स्वतंत्र मोजणीतून येत नाही. तो तीव्रतेच्या आलेखावरूनच, कण गोल आहेत आणि त्यांचा अपवर्तनांक आपण भरला तोच आहे असे धरून काढलेला असतो, त्यामुळे मूळ आलेखातली लहानशी चूक त्यात प्रचंड वाढते. सोन्याच्या नॅनोकांड्यांबाबत तर कांडीच्या स्वतःभोवती फिरण्यामुळेही काही नॅनोमीटरवर एक शिखर उमटते, आणि तितके लहान कण नमुन्यात असतातच असे नाही. एकमेकांच्या किमान तिप्पट व्यास नसलेल्या दोन गटांना ही पद्धत वेगळे करू शकत नाही, हेही लक्षात ठेवावे.

सॉफ्टवेअरमध्ये द्रवाची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, अचूक भरणे तितकेच आवश्यक आहे. २५ अंशांच्या आसपास पाण्याची श्यानता अंशागणिक सुमारे दोन टक्क्यांनी बदलते, म्हणून क्युव्हेट ठेवल्यानंतर तापमान स्थिरावण्यासाठी दिलेली दोन मिनिटे घाईत कमी करू नयेत. नमुन्यात वीस टक्के ग्लिसरॉल असताना यादीतून नुसते पाणी निवडले, तर व्यास दीडपटीहून अधिक दिसतो. उलट पॉलिस्टायरिनचे प्रमाणित कण शुद्ध पाण्यात विरळ केले, तर त्यांच्याभोवतीचा विद्युतभाराचा थर पसरून व्यास काही नॅनोमीटर जास्त येतो. त्यासाठी १० मिलिमोलर मीठ घालावे.

झीटा पोटेन्शियल, म्हणजे द्रवातील कणाच्या पृष्ठभागाजवळचा विद्युतदाब, मोजण्याची सोय उपयुक्त आहे, पण ती मी थोडी कमी गुणांनी उत्तीर्ण करीन. घडी घातलेल्या केशनळीच्या क्युव्हेटमध्ये विद्युतक्षेत्राखाली कणांचा वेग मोजला जातो. फॉस्फेट बफरसलाइनसारख्या खारट माध्यमात विद्युतप्रवाह वाढतो, इलेक्ट्रोड काळे पडतात आणि नाजूक प्रथिने तिथेच गोठतात. विरळ बफरमध्ये मात्र निकाल चांगले येतात.

नवे यंत्र घेणाऱ्यांसाठी सध्याच्या मालिकेत अल्ट्रा या प्रकारात तीन कोनांतून मोजणीची सोय आहे, आणि मिश्र नमुन्यांवर काम असेल तर ती घेण्याजोगी आहे. एकसारख्या, विरळ आणि न बुडणाऱ्या कणांसाठी जुने नॅनो झेडएस आजही पुरेसे आहे. लाल प्रकाशात चमकणारे रंगद्रव्य, जड आणि मायक्रोमीटरहून मोठे कण किंवा फार विस्तृत वितरण असेल, तर दुसरी पद्धत शोधावी. बाहेरच्या केंद्रात नमुना मोजून घेणाऱ्यांनी अहवालात केवळ सरासरी व्यास स्वीकारू नये. पॉलिडिस्पर्सिटी निर्देशांक (कणांचे व्यास एकमेकांपासून किती वेगळे आहेत याचे माप), तीव्रतेचे वितरण, धरलेली श्यानता आणि लागोपाठच्या किमान तीन मोजण्यांचे कोरिलेशन वक्र आवर्जून मागून घ्यावेत.