स्पॅनिशचा भूतकाळ: तक्ते पाठ करावेत की उतारे वाचावेत?

भुसावळहून रोज रेल्वेने जळगावच्या महाविद्यालयात जाणाऱ्या माझ्या भाचीला दुसऱ्या सत्रात स्पॅनिशच्या दोन भूतकाळांनी अडवले आहे, आणि क्रियापदांचे तक्ते पाठ करावेत की सोपे उतारे वाचावेत, हा तिचा प्रश्न आहे.

खर्च दोन्हींचा किरकोळ आहे. वेळेचे म्हणाल, तर तक्ता गाडीतही घोकता येतो. उताऱ्यासाठी शब्दकोश घेऊन निवांत बसावे लागते. अनियमित रूपांना मात्र तक्त्यावाचून गत्यंतर नाही: ‘फुई’ म्हणजे ‘मी गेले’ आणि ‘मी होते’सुद्धा, हे तर्काने उमगत नाही.

खरा फरक आकलनात पडतो. ‘आयेर कोमी उन प्लातानो’ म्हणजे ‘काल मी एक केळे खाल्ले’. ‘दे नीन्या कोमीआ प्लातानोस’ म्हणजे ‘लहानपणी मी केळी खात असे’. मराठीत हा भेद आपण सहज पाळतो, पण स्पॅनिशमध्ये कोणते रूप कुठे योजायचे, हे तक्ता सांगत नाही. ते उताराच दाखवतो. भाचीच्या वहीत दोन्ही रूपे सुबक चौकटींत लिहिलेली होती, तरी वाक्य करताना ती दर वेळी अडखळली.

परीक्षा पंधरवड्यावर आली असेल आणि रिकाम्या जागाच भरायच्या असतील, तर तक्ते घ्यावेत; पुढे बोलायचे-लिहायचे असेल, तर रोज एक उतारा मोठ्याने वाचावा.