बादलीत पास, गडावर नापास

घड्याळ मी तपासून घेतलं होतं. हे आधीच सांगतो, कारण हा किस्सा ऐकला की समोरचा हमखास विचारतो, "अरे, नीट बघून नाही का घेतलंस?" बघून घेतलं होतं. पाण्यात बुडवून, फरशीवर टाकून, सगळी बटणं दाबून. तरीही ६,५०० रुपये गेले.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी माझं जुनं घड्याळ राजमाचीच्या वाटेवर बंद पडलं. महिन्यातून दोनदा तरी आमची टोळी डोंगरात असते. पावसात मोबाइल बाहेर काढवत नाही आणि काढला तरी ओल्या बोटांना स्क्रीन दाद देत नाही. म्हणून हातावरच दिशा आणि उंची दाखवणारं काहीतरी हवं होतं. मन कधीपासून कॅसिओच्या जी-शॉक या दणकट घड्याळांमधल्या रेंजमनवर बसलं होतं. २०१३ मध्ये आलेलं हे मॉडेल. होकायंत्र, उंची आणि हवेचा दाब या तिन्ही गोष्टी एकत्र मोजणारं पहिलं जी-शॉक, वर उन्हावर चार्ज होणारं. दुकानातली किंमत वीस हजारांच्या पुढे. तिथे येऊन मी दरवेळी परत फिरायचो.

आणि मग ट्रेकवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकाने टाकलं : 'रेंजमन, बॉक्स पीस, कस्टममधून सुटलेला माल, दोनच शिल्लक.' सोबत फोटो. कळसूबाईच्या माथ्यावरचं देऊळ, आणि पुढे मनगटावर ते घड्याळ. हा माणूस ग्रुपमध्ये वर्षभर होता. कुणाच्या ट्रेकच्या फोटोला 'भारी' म्हणणारा, भंडारदऱ्याचा रस्ता चालू आहे का विचारणारा. आपल्यातलाच. अनोळखी दुकानाची जाहिरात असती तर मी दहा वेळा विचार केला असता.

भेटलो कर्वे रस्त्याजवळच्या एका चहाच्या टपरीवर. माणूस गोड बोलणारा. "सर, तुम्ही आधी तपासा, मग पैसे. माझी घाई नाही." एवढं बोलून त्याने घड्याळ थेट टपरीवाल्याच्या कप विसळायच्या बादलीत सोडलं. आम्ही चहा पिऊन होईपर्यंत ते बुडालेलंच. बाहेर काढून पुसलं, लाइट लावून दाखवला. मग खांद्याच्या उंचीवरून फरशीवर सोडलं. ठाक्! उचललं तर ठणठणीत. मी खूश.

आज कळतं की ती परीक्षा माझी नव्हतीच. प्रश्नपत्रिका त्यानेच काढली आणि त्यात फक्त सोपे प्रश्न ठेवले. पाणी १० मीटर खोल असेल तेव्हा दाब साधारण १ बारने वाढतो. बादलीत फूटभर पाणी, म्हणजे ०.०३ बार. रेंजमनवर पाण्याचा दाब सोसायची क्षमता लिहिलेली असते २० बार, म्हणजे बादलीच्या साडेसहाशे पटींहून जास्त. अंगणात फटाक्याची टिकली वाजवून तोफेची चाचणी झाली म्हणण्यासारखं हे. शंभर-दीडशे रुपयांचं प्लास्टिकचं घड्याळही दहा मिनिटं बादलीत तग धरू शकतं. आणि आपटण्याचं म्हणाल तर आत काटे-चक्रं नसलेलं हलकं घड्याळ जाड प्लास्टिकात बसवलं की खांद्यावरून पडून सहसा मरत नाही. जी-शॉकचे जनक किकुओ इबे १९८१ पासून नमुने करत होते ते कंपनीच्या इमारतीतल्या शौचालयाच्या खिडकीतून खाली टाकून बघायचे, आणि दोनशेच्या आसपास नमुने फुटल्यावर १९८३ मध्ये पहिलं घड्याळ बाजारात आलं. ही गोष्ट मला तेव्हाही पाठ होती, त्या माणसाला मीच ऐकवली! तो कौतुकाने ऐकत होता.

उंचीचं विचारलं तर त्याने बटण दाबलं. आकडा आला ५७०. "पुण्याची उंची किती, सर?" मी म्हणालो, साधारण ५६०. "बघा. दहा-वीस मीटर इकडेतिकडे चालतंच." माझ्या मनात जी काही शंका होती ती या आकड्याने मारली.

होकायंत्राचं बटण दाबलं तर वायव्य दाखवलं. मी मान वळवून सूर्य शोधायच्या आत तो म्हणाला, "इथे गाड्या आहेत, मोबाइल आहेत, लोखंडामुळे दिशा बिघडते. डोंगरावर बघा, एकदम परफेक्ट." आता यातलं एक वाक्य खरं होतं. लोखंडाजवळ आणि मोबाइलजवळ होकायंत्र खरंच चुकतं. त्याचं सगळंच असं होतं, अर्ध्या खऱ्यावर बेतलेलं. खोक्यावर आयातदाराचं स्टिकर नव्हतं, तर "कस्टमचा माल आहे, स्टिकर कुठून येणार?" बिल नव्हतं, तर तेच उत्तर. वॉरंटी कार्ड कोरं, त्यावरही तेच. 'कस्टम' या एका शब्दाने जिथे जिथे भोक होतं तिथे तिथे ठिगळ लावलं. आयात करून किरकोळ विकल्या जाणाऱ्या वस्तूच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असावी लागते, हे लीगल मेट्रॉलॉजीच्या, म्हणजे वजन-मापांच्या, २०११ च्या नियमांत आहे. मला ते नंतर कळलं. पण त्या कोऱ्या खोक्याकडे बघून तेव्हाच काहीतरी खटकलं होतं, हेही खरं. मी यूपीआयने पैसे पाठवले. स्क्रीनवर आलेलं नाव त्याचं नव्हतं. "वहिनींचं खातं आहे."

तीन आठवडे घड्याळ हातावर मिरवलं. वेळ बरोबर, लाइट बरोबर. ऑफिसात दोघांनी किंमत विचारली.

ऑगस्टमध्ये पाचनईकडून हरिश्चंद्रगड. धुकं असं की पुढच्याची पाठपिशवी दिसेना. देवळापाशी पोचलो तेव्हा मी ऐटीत बटण दाबलं, सगळ्यांना उंची सांगायला. ५७०. पुन्हा दाबलं. ५७०. गडमाथा चौदाशे मीटरच्या वर जातो, देवळाचं पठारही फार खाली नाही. शंभर मीटर चढलं की हवेचा दाब १० ते १२ हेक्टोपास्कलने उतरतो, त्यावरूनच असं घड्याळ उंची काढतं. आमच्या घड्याळाला दाबाचं काही सोयरसुतक नव्हतं. आत सेन्सर असेल तर ना! तो आकडा म्हणजे नुसतं चित्र.

तरी मन मानत नव्हतं. म्हटलं, उंचीचं सेटिंग चुकलं असेल. केदारेश्वराच्या गुहेत त्या थंडगार पाण्यात उतरून शिवलिंगाला प्रदक्षिणा घातली, हात कोपरापर्यंत पाण्यात गेला असेल. बाहेर आलो तर काचेच्या आतून वाफ धरलेली. २० बारचं घड्याळ कंबरभर पाण्यात घामेजलं.

पुढचं मात्र हसण्यासारखं नाही. कोकणकड्यावरून परतताना धुकं आणखी दाटलं, वाटेच्या खुणा दिसेनात, आणि आमच्यात एकाला वाटलं डावीकडे, दुसऱ्याला उजवीकडे. सवयीने सगळे माझ्या मनगटाकडे बघायला लागले. मी होकायंत्र लावलं : वायव्य. जागच्या जागी अर्धा वळलो : वायव्य. पूर्ण पाठ फिरवली, तरी वायव्य. मागे कुठेतरी शेकडो मीटरचा कडा आणि हातावर एकच दिशा माहीत असलेलं घड्याळ. आम्ही तिथेच खाली बसलो. पंधरा-वीस मिनिटांनी पाचनईचा एक पोऱ्या दुसरी टोळी घेऊन आला, त्याच्या मागे मागे देवळापर्यंत गेलो. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "दादा, घड्याळ काय पाहता, पायाखालची वाट पाहा." त्याला मी काय सांगणार?

पुण्यात आल्यावर अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरच्या मुलाने घड्याळ उलटं करून मागचं झाकण बघितलं आणि न उघडताच परत दिलं. "फर्स्ट कॉपी आहे, काका. आम्ही हात लावत नाही." आमच्या आळीतल्या दुरुस्तीवाल्याने उघडून दाखवलं. आत बोटाच्या पेराएवढी सर्किटची पाटी, एक सेल, बाकी पोकळी. झाकणाखाली पाणी अडवायला जी रबरी रिंग असते ती होती, पण एका बाजूला चिमटलेली. डायलवरचा सोलर पट्टा नुसता रंगवलेला.

विकणारा ग्रुपमधून केव्हाच बाहेर पडला होता, नंबर बंद. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा नंबर आहे, पण तिथे जितक्या लवकर फोन कराल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता. माझे पैसे जाऊन महिना उलटला होता. ग्राहक हेल्पलाइन १९१५ चाही विचार केला. पण बिल नाही, दुकान नाही, पत्ता नाही. तक्रार कुणाविरुद्ध, हे मलाच सांगता येईना.

कुणाला असं घड्याळ घ्यायचंच असेल तर विकणाऱ्याची बादली बाजूला ठेवा. लिफ्टने दहाव्या मजल्यावर जा. आकडा तीसेक मीटरने वाढला पाहिजे. मोकळ्या मैदानात उभे राहून गोल फिरा. दिशा फिरली पाहिजे. आणखी एक गंमत मला नंतर समजली. खरं घड्याळ टेबलावर नुसतं ठेवलं तरी त्याची उंची दिवसभरात थोडी हलते, कारण हवामानाबरोबर दाब हलतो. म्हणूनच माहीत असलेल्या उंचीवर ते पुन्हा लावून घ्यावं लागतं. माझं तीन आठवडे ५७० वर ठाम होतं आणि मला ते अचूकतेचं लक्षण वाटलं होतं! या चाचण्यांना विकणारा "नंतर बघा" म्हणाला तर चहाचे पैसे देऊन निघा. माझ्यापुरतं म्हणाल तर मी आता सेन्सरचा नाद सोडला. साधं चौकोनी डिजिटल जी-शॉक दुकानातून शिक्क्याच्या बिलासह घेतलं आणि दिशेसाठी पाठपिशवीत वेगळं होकायंत्र ठेवतो.

परवा मोबाइलमधली जागा रिकामी करताना त्या माणसाचं जुनं चॅट उघडलं. कळसूबाईचा तो फोटो अजून तिथेच होता. घेताना मी देऊळ बघितलं होतं, धुकं बघितलं होतं, पट्ट्यावरचा चिखलसुद्धा बघितला होता. या वेळी घड्याळाच्या तबकडीवर बोटांनी झूम केलं. मागे १,६४६ मीटरवरचं महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, आणि पुढे मनगटावर स्वच्छ आकडा : ५७०.